'सिट्रस' म्हणजे लिंबू नव्हे

प्रश्न: कॉफीच्या पाकिटांवर 'सिट्रस' आणि 'ब्राइट ॲसिडिटी' असं छापलेलं असतं. मराठीत 'लिंबासारखी आंबट कॉफी' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. आणि 'ॲसिडिटी' दिसली की पित्ताची गोळी आठवणं आता पुरे! कॉफीचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) सुमारे 5, लिंबाच्या रसाचा 2 च्या आसपास. चवीची चर्चा चालू असताना पोट मध्ये आणू नये.

खरा घोळ घातलाय तो कृषी खात्याच्या 'लिंबूवर्गीय'नं. फळबागेपुरता तो शब्द ठीक आहे, पण त्यानं सिट्रस म्हणजे आंबट अशी समजूत पक्की करून टाकली. लॅटिनमध्ये 'सिट्रुस' हे नाव दोन झाडांना होतं. एक आफ्रिकेतलं, ज्याच्या लाकडाची महागडी मेजं श्रीमंत रोमन लोक करवून घेत. दुसरं चक्क आपलं महाळुंग! या दोघांत सामाईक काय? माझ्या मते वास, दुसरं काही नाही. महाळुंगात रस जेमतेम असतो. सगळी मजा त्या जाड, खडबडीत सालीत. नखानं जरा खरवडा, घर दरवळतं.

त्याचं शास्त्रीय नाव सिट्रस मेडिका. 'मेडिका' म्हणजे औषधी, असं बेधडक सांगणाऱ्यांनी प्राचीन ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टस उघडावा. तो या फळाला मीडियाचं, म्हणजे इराणकडच्या मुलखाचं सफरचंद म्हणतो. संस्कृतात ते मातुलुंग, मराठीत महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात तेच आहे. बालेवाडीशेजारचं म्हाळुंगे गावही याच झाडाच्या नावाचं, हे माझं ठाम मत. दुसरी कुठलीही व्युत्पत्ती मला पटत नाही.

आता कॉफी. केनियाची किंवा इथिओपियातल्या यिरगाचेफेची, वॉश्ड (म्हणजे फळाचा गर धुऊन काढून वाळवलेली) आणि हलकी भाजलेली घ्या. कपिंगमध्ये, म्हणजे कॉफी चाखून पारखताना, गरम पाणी ओतल्यावर चार मिनिटांनी वरचा थर चमच्यानं मोडतात, तेव्हा आधी नाकात शिरतो तो सालीचा वास. आंबटपणा जिभेला मागाहून कळतो, कॉफी कोमट झाल्यावर जास्तच. सिट्रिक आम्ल कच्च्या बीतच असतं, गडद भाजलं की बरंचसं जातं. कॉफीच्या चवींची नावं चक्रात मांडणाऱ्या 2016 च्या सुधारित स्वादचक्रात सिट्रसखाली चार फळं आहेत: ग्रेपफ्रूट, संत्रं, लेमन, लाइम. आपलं कागदी लिंबू म्हणजे यातलं शेवटचं, फक्त एक! मग 'लिंबासारखी' म्हणून बाकीची तिन्ही का टाकायची? संत्रं लागलं तर संत्रं म्हणा, मोसंबी लागली तर मोसंबी.

'ब्राइट'ला 'तरतरीत' म्हणा.