मुलगी इंडियन वुमन्स लीग खेळली तर त्यावर पोट भरेल का?

तुमची मुलगी पंधरा वर्षांची, फुटबॉलमध्ये राइट बॅक म्हणजे उजव्या कडेची बचावपटू, तिला देशातली ही बायकांची फुटबॉल लीग खेळायचीय आणि तुम्हाला काळजी पगाराची. मीही राइट बॅकच. म्हणून कपडे वाळत घालायचे सोडून लिहायला बसलेय.

नुसत्या लीगवर पोट भरणार नाही. आता पुढचं वाचा.

मी 2023 साली अहमदाबादला खेळले. लीग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर येतं तसलं तेव्हा काही नव्हतं. सगळे संघ एका गावात गोळा करायचे आणि मुहूर्त टळायच्या आत उरकून टाकायचं. 16 संघ, आठ-आठचे दोन गट, वाट्याला 7 सामने. तेही एप्रिल-मेमध्ये. सातातले पाच मी बाकावर काढले. सहाव्यात आमच्या राइट बॅकच्या पोटरीत गोळा आला आणि मला 23 मिनिटं मिळाली. बर्फाच्या पाण्यात बुडवलेला टॉवेल मानेवर टाकून बसले होते, सरांनी हाक मारली तशी टॉवेलसकटच रेषेपर्यंत पळाले. चौथ्या पंचांनी तो माझ्या मानेवरून ओढून घेतला. पहिला टॅकल हुकला, विंगर मला वळसा घालून गेली. दुसरा बसला. बॉल थ्रोला गेला आणि स्टँडमध्ये कुणीतरी एकट्यानंच टाळी वाजवली.

घरी आले तर दादा म्हणतो, "झाली लीग? मला वाटलं उन्हाळी शिबिर."

आमचा दादा कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघाकडनं खेळायचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे दोन संघ भिडले की काय होतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. त्याला हंगामाचे पैसे रोख मिळायचे, चौकात बॅनर लागायचा. त्याचं पालुपद एकच, "बघायला माणूस येत नाही तिथं पैसा कुठनं येणार?" आमच्या घरात दर गणपतीला हा वाद होतो, आरती एखाद्या वर्षी चुकेल.

आता त्याला इथंच उत्तर देते. 2019 मध्ये एफसी कोल्हापूर सिटी ही लीग खेळली. सामने कुठं झाले? लुधियानात. कोल्हापूरच्या पोरींना पंजाबात नेऊन खेळवायचं आणि वर विचारायचं, माणूस का येत नाही. पेठेतनं लुधियानाला एसटी सुटते का? आणि 2025 च्या जुलैत भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच गावात, चियांग माईत, 2-1 हरवलं आणि आशियाई चषक गाठला. त्याच वर्षी ऑक्टोबरात भारताचा पुरुषांचा संघ मडगावला घरच्या मैदानावर सिंगापूरकडून हरला आणि त्यांचा आशियाई चषक तिथंच संपला. गणपती त्याआधी होऊन गेले, नाहीतर दादाला तोंडावर ऐकवलं असतं.

असो, तुमचा प्रश्न. 2023-24 आणि 2024-25 ला सामने आपल्या आणि परक्या मैदानावर झाले, ते बरं झालं. पण पहिल्या हंगामात संघ 7, पुढच्यात 8, आणि दोन्ही वेळा महाराष्ट्राचा एकही नाही. म्हणजे मुलीला ओडिशा, केरळ, बेंगळुरू, कोलकाता असं कुठंतरी जाऊन राहावं लागेल. पगाराचं म्हणाल तर भारतीय फुटबॉल महासंघानं 2023 मध्ये जाहीर केलं की क्लबनं किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान 3.2 लाख द्यावेत. महिन्याला साडेसव्वीस हजारांच्या थोडे वर पडतात. मला तेवढे कधी दिसले नाहीत. पोट भरतं ते स्पोर्ट्स कोट्यातल्या नोकरीनं. मणिपूर पोलीस, सशस्त्र सीमा बल (एसएसबी), सीआरपीएफ यांचे संघ ही लीग खेळलेत, ते उगीच नाही. त्यासाठी राज्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून आधी राज्य संघात शिरू दे. राज्य संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे, आणि तो बहुतेक वर्षी जातो मणिपूरला. यावर आपण काय बोलायचं!

बारावी सोडू देऊ नका. डावा पाय तयार करा, राइट बॅक पोत्यानं मिळतात. आईवडिलांनी मैदानाच्या कडेनं ओरडू नये, हे तुम्हाला उद्देशून नाही पण तरी.

हे सगळं बाकावर बसलेलीचं मत आहे, हेही धरून चाला. सबित्रा भंडारी मी अहमदाबादलाच केरळच्या गोकुलम क्लबकडून खेळताना पाहिली, नेपाळची. बॉल यायच्या आधीच ती निघालेली असायची. पुढे ती फ्रान्समध्ये खेळली. तुमची मुलगी तसली असेल तर माझं काहीएक ऐकू नका.

फक्त कराराची एक प्रत घरी ठेवा. मी माझी आधार कार्डाच्या झेरॉक्सबरोबर मॅनेजरला देऊन टाकली होती. अर्धे पैसे आले, उरलेल्यांसाठी मेसेज केले की निळ्या टिका उमटायच्या, उत्तर नाही. दादाला सांगितलं तर न हसता त्यानं एवढंच विचारलं, "कागद कुठाय?"