पॉलिसीचा हप्ता भरला, पीककर्ज थकलं

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आलंय. वय 49, चार एकर बाग. मुलगा बीएस्सी ॲग्री झालाय, त्याला फार्म मॅनेजर व्हायचंय. एक कन्सल्टंट साडेचार लाखांत युरोपातल्या शेतावर वर्षभराची ॲप्रेंटिसशिप लावून देतो म्हणतो, पुढे महिना अडीच लाख पगार. दुसरीकडे जिल्ह्यातल्याच एका निर्यातदाराच्या बागेवर वर्षभर, महिना 12 हजार स्टायपेंडवर शिकायची संधी आहे. विचारलंय एवढंच, की चार लाखांची एफडी मोडू की सोनं गहाण ठेवू?

दोन्ही नको. शिकाऊ उमेदवाराला मालक पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही. परदेशी कामाला पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला नियमाने जास्तीत जास्त 30 हजार आणि वर जीएसटी घेता येतो. मग हे साडेचार लाख कशाचे? परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांमध्ये त्याचं नाव आहे का, आधी बघा. अडीच लाखांचा पगार कुणी लिहून दिलेला नाही, तो हिशेबात धरूच नका. तिकडचा स्टायपेंड राहण्याखाण्यातच जाईल असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे इकडे वर्षाला 1.44 लाख हातात, तिकडे साडेचार लाख खिशातून. फरक सहा लाखांचा.

मला खरी काळजी तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळींची वाटते. पीककर्ज घेताना बँकेतच मुलाच्या नावावर पॉलिसी काढली, वर्षाला 60 हजार. मार्चमध्ये व्यापाऱ्याचे पैसे लांबले, पॉलिसी बंद पडेल म्हणून हप्ता भरला आणि पीककर्जाचे 60 हजार राहून गेले.

दादा, तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तुम्हाला शून्य टक्क्याने पडतं. ते थकलं, म्हणून नवं मिळालं नाही. आता दुकानातून दीड लाखाची औषधं-खतं महिना दोन टक्क्यांनी उधार. महिन्याला तीन हजार, आठ महिन्यांत 24 हजार. थकबाकीवरचं व्याज आणि बिघडलेला सिबिल वेगळाच. उद्या मुलाला कर्ज लागलं तर सहकर्जदार म्हणून तुमचाच सिबिल बघतील.

आणि हे कशासाठी? 12 वर्षं दरवर्षी 60 हजार भरा, विसाव्या वर्षी 13 लाख मिळतील. हा परतावा चार टक्क्यांच्या आसपास पडतो. तेच पैसे पीपीएफमध्ये, आजच्या 7.1 टक्के दराने, 20 लाख होतात. शिवाय विमा काढलाय कुणाचा, तर ज्याची अजून कमाई नाही त्याचा. बाग तुम्ही चालवता, ट्रॅक्टरचं पाच लाखांचं कर्ज तुमच्या नावावर, आणि तुमच्यावर एक रुपयाचाही विमा नाही. कर्जदार समोर बसलेला असताना मुलाच्या नावाची पॉलिसी गळ्यात मारणाऱ्याचा मला संताप येतो.

एफडी मोडायचीच तर 60 हजार आणि त्यावरच्या व्याजापुरती मोडा आणि याच आठवड्यात थकबाकी भरा. पॉलिसीची सरेंडर (आता बंद केली तर हातात येणारी) आणि पेड-अप (पुढे हप्ते न भरता चालू ठेवली तर शेवटी मिळणारी) किंमत लेखी मागा. जे बरं पडेल ते करा, पण पुढचा हप्ता नको. भरलेले 1.8 लाख वाचवायला आणखी 5.4 लाख घालू नका. स्वतःचा 50 लाखांचा टर्म प्लॅन, म्हणजे निव्वळ जोखमीचा विमा, घ्या. तब्येत ठीक असेल तर वर्षाला साधारण 30 हजार पडतील. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर तसं लिहा, लपवलंत तर बायकोचा दावा अडकेल. कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागेल, म्हणून शेतीचं उत्पन्न दाखवून रिटर्न भरायला लागा.

मुलाला निर्यातदाराकडे पाठवा, मात्र करार लेखी हवा. त्याने फक्त मजुरांच्या मागे उभं राहून वर्ष काढू नये. गोडी छाटणीपासून (फळासाठीची छाटणी) काढणीपर्यंत फवारणीची नोंदवही, रेसिड्यूचे (द्राक्षात उरलेल्या औषधांच्या अंशाचे) रिपोर्ट, मजुरांचा हजेरीपट आणि एकरी खर्चाचा हिशेब त्याच्या हाताखालून जायला हवा, हे करारात घालून घ्या. पुढे स्वतःचं काही करायचं ठरलं तर कृषी पदवीधरांसाठी ॲग्री-क्लिनिक योजनेचं 45 दिवसांचं मोफत प्रशिक्षण आहे, त्यानंतर 20 लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला 36 टक्के अनुदान. त्या कर्जाच्या वेळी उरलेली एफडी कामाला येईल. तोवर तिला हात लावू नका.