छायाचित्रणाच्या छंदावर पगाराचा मोठा हिस्सा जातो. हा खर्च कसा आवरावा?

खर्च बहुधा कॅमेऱ्यापेक्षा एकामागून एक घेतल्या जाणाऱ्या लेन्समुळे वाढतो, म्हणून आपण प्रत्यक्षात काय टिपता हे आधी पाहावे. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई असल्याने तिथल्या अंधुक उजेडात ५० मिमीची, एफ १.८ छिद्राची (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) तुलनेने स्वस्त लेन्स उपयोगी पडते, एफ ५.६ वर अडकणाऱ्या, कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या किट लेन्सपेक्षा ती सुमारे दहापट प्रकाश आत घेते, त्यामुळे नव्या कॅमेऱ्याचे निमित्त उरत नाही. वेरूळच्या कैलास लेण्यासाठी तर, माझ्या मते, किट लेन्सचे १८ मिमीचे, रुंद दृश्य टिपणारे टोकच पुरते. जायकवाडीच्या जलाशयावरील पक्ष्यांसाठी मात्र ४०० मिमीच्या आसपासची, दूरचे जवळ आणणारी लेन्स लागते, पण स्थलांतरित पक्षी हिवाळ्यापुरतेच येत असल्याने ती विकत घेण्याऐवजी तेवढ्या दिवसांसाठी भाड्याने आणावी. हप्त्यांवर काहीही घेऊ नये.