कणगीमागे दडलेली पोरगी

जळगावहून एकीचं पत्र आलंय. वय ३४, नोकरी चांगली, नवरा समजूतदार, पण मूल नकोच वाटतं आणि सासूबाई दर सणाला विषय काढतात. भाऊ झाला तेव्हा ही दोन वर्षांची, अमळनेरहून चोपड्याला आजीकडे ठेवली ती पहिलीत घालायच्या वेळीच परत आणली. लिहिते, "ताई, मला मायाच नाही, मी थंड आहे. मम्मी दर रविवारी एस्टीने यायची तर मी कणगीमागे लपायचे, ती गेली की बाहेर. राग वगैरे नाही हां तिच्यावर. आखाजीला मात्र मी मामाकडेच जाते." (आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी जायचा सण.)

अगं बाई, चार पानांच्या पत्रात कणगीला एक ओळ? लपायला आधी वाट बघावी लागते गं! रविवार कधी येतो, कोणत्या गाडीने मम्मी येते, हे त्या तीन वर्षांच्या पोरीला बरोब्बर माहीत होतं. आणि तू तिला थंड म्हणतेस.

मेरी एन्सवर्थ नावाच्या बाईंनी तिकडे अमेरिकेत, बाल्टिमोरला, वर्षाच्या बाळांना बघितलं, आई दोन-तीन मिनिटं खोलीबाहेर जायची नि परत यायची. काही बाळं आई आली तरी मान वर करत नव्हती, खेळण्यातच दंग, बघणाऱ्याला वाटावं किती शहाणं लेकरू. पुढे १९७७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी अशा बाळांच्या छातीचे ठोके मोजले तर ते धडधडत होते. तुझी कणगी तीच.

मूल नको असेल तर नको, माझी काही हरकत नाही आणि सासूबाईंना मी मोजत पण नाही. पण "मी थंड" या खोट्या कारणावर नको. आणि नवरा "तुझ्या मनावर" म्हणून मोकळा होतो त्याला समजूतदारपणा म्हणू नकोस, बाजूला सरकणं आहे ते.

मम्मीची काय अडचण होती ते मी सांगणार नाही, तिचं तिला सांगू दे. या आखाजीला मामाकडे नाही, अमळनेरला जायचं. दुपारी सगळे आमरस खाऊन लवंडले की तिच्याजवळ बसून एवढंच विचार, "मला का ठेवलं, आणि मी लपायचे तेव्हा तू काय करायचीस?" मुलाबाळाचा विषय त्या दिवशी काढायचाच नाही. ती रडेल बहुतेक. रडू दे, पाणी आणायच्या निमित्ताने उठून आत जाऊ नकोस.