जुन्या पिकअपला फ्युएल इंजेक्शन बसवताना

प्रश्न : माझ्याकडे १९७२ सालचा शेवरोले सी-१० पिकअप ट्रक असून त्याला ३५० घनइंची व्ही-८ इंजिन आणि चार बॅरलचा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आहे. उन्हाळ्यात गाडी तापलेली असताना दहा मिनिटे बंद ठेवली की पुन्हा चालू होताना फार त्रास देते, आणि डॉनर घाट चढताना इंजिन काळा धूर सोडते. कार्ब्युरेटरच्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा (संगणकाने मोजून पेट्रोल फवारणारा) तयार संच घ्यावा का?
– एक वाचक, सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींवर इंजेक्शनचा उपयोग होईल, मात्र त्यांची कारणे वेगळी आहेत. तापलेले इंजिन बंद केल्यावर त्याची उष्णता वर चढते आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून खाली इंजिनात झिरपते. म्हणून गाडी पुन्हा चालू होत नाही. घाटाची गोष्ट निराळी. सॅक्रामेंटो जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, तर डॉनर घाटमाथा सुमारे ७,००० फुटांवर. वर हवा विरळ होते, पण कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक छिद्रे) तेवढेच पेट्रोल सोडत राहतात; ते जादा झाल्याने काळा धूर येतो. इंजेक्शनमध्ये एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर पाहून पेट्रोल कमी केले जाते, त्यामुळे धूर थांबेल. दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद मात्र कमी होणारच, ती कोणताही संच परत देत नाही.

खरेदीपूर्वी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्यावे, इंजिन कुठून जादा हवा ओढते का ते पाहावे आणि पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) व टायमिंग (ठिणगीची वेळ) जुळवून घ्यावे. कार्ब्युरेटरवर ढकलले जाणारे निम्मे दोष इथेच सापडतात, असा माझा अनुभव आहे.

खरे काम पेट्रोलच्या पुरवठ्याचे आहे, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेख सर्वांत कमी असतो. आपला यांत्रिक पंप ५ ते ७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब देतो. या संचांना बहुधा ५८ पीएसआय लागतो. म्हणजे नवा विद्युत पंप, उरलेले पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन आणि इंजेक्शनच्या दाबासाठीच बनवलेले होज हवेत. एका पिकअपचा जुना होज मी बोटांनी वाकवला, तर वरून धड दिसणाऱ्या त्या रबरावर केसाएवढ्या भेगा उघडल्या. कार्ब्युरेटरच्या दाबाला तिथून फक्त वास आला असता. ५८ पीएसआयला पेट्रोलचा फवारा थेट तापलेल्या इंजिनावर उडाला असता. त्यात आपल्या मॉडेलची मूळ टाकी सीटच्या मागे, केबिनमध्येच असते. ती तिथेच ठेवून एवढ्या दाबाच्या लाइनी केबिनमधून नेऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. मागे हौद्याखाली, चॅसीच्या दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये, आत पंप असलेली टाकी बसवावी. खर्च वाढेल, पण पेट्रोलमध्ये बुडालेला पंप थंड राहतो, आवाज कमी करतो आणि जास्त टिकतो.

वायरिंगमध्ये एका चुकीने अनेकांचे आठवडे वाया जातात. संचाला लागणारी किल्लीची वायर (किल्ली ऑन असतानाच वीज देणारी) कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) जुन्या वायरवरून घेतली, तर त्या वायरमधील रोधामुळे पूर्ण बारा व्होल्ट मिळत नाहीत. मल्टिमीटर लावून दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगावे आणि त्या क्षणीही वीज तुटत नाही, अशीच वायर निवडावी. मुख्य वीज व अर्थिंग थेट बॅटरीवरून घ्यावे आणि प्लगच्या वायरींपासून संचाच्या वायरी दूर ठेवाव्यात. एक्झॉस्टला सेन्सरच्या अलीकडे बारीक गळती असली, तर बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडते आहे असे संगणकाला वाटते आणि तो उगाच पेट्रोल वाढवत राहतो. म्हणून एक्झॉस्टच्या जोडातले गॅस्केट (गळती रोखणारी चकती) आधी बदलावे.

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्यापूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना धूर-तपासणी लागत नाही, त्यामुळे त्या तपासणीची आपल्याला चिंता नाही. १९७६ किंवा त्यानंतरची गाडी असती, तर राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असलेलाच संच घ्यावा लागला असता.

पहिल्या दिवशी इंजिन लगेच सुरू करू नये. किल्ली फक्त ऑन करून पंपाला दाब भरू द्यावा, असे तीन-चार वेळा करावे आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरून पाहावा. कागदावर ओला ठिपका उमटला, तर बॅटरीची वायर काढूनच पाना हातात घ्यावा.