३ महिन्यांच्या बाळाच्या मानेवर घामोळं आलंय, पावडर लावू का?

पावडर नका लावू. ती घामात भिजून मानेच्या वळ्यांत लगदा होऊन बसते, आणि उडालेली भुकटी बाळाच्या श्वासातून छातीत जाते, याची मला जास्त काळजी वाटते. घामोळं येतं ते घामाची बारीक छिद्रं बुजल्यामुळे. म्हणून तिथे सध्या तेलही चोळू नका. घरातल्या आजींना हे नीट समजावून सांगा. अंघोळ कोमट पाण्याने, डाळीचं पीठ न लावता. वळ्या मऊ सुती कापडाने टिपा, घासू नका. दुपारी टोपडं, दुपटं काढून एकच सुती झबलं ठेवा, पंखा खुशाल लावा. बहुतेकदा काही दिवसांत उतरतं. पुळ्यांत पू दिसला किंवा ताप १००.४ फॅरनहाइट वा त्याहून जास्त भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.