ओएलईडी मॉनिटरवर ‘ट्रू ब्लॅक ४००’ ठेवू की ‘पीक १०००’? गेममधले ढग नुसते पांढरे दिसतात

हे दोन्ही मॉनिटरचे एचडीआर मोड, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारे. पण ढगांचा दोष बहुधा मोडचा नाही, गेममधल्या आकड्याचा आहे. ट्रू ब्लॅकमध्ये बहुतेक क्यूडी-ओएलईडी (क्वांटम डॉट वापरणारा ओएलईडीचा प्रकार) पॅनेल साधारण ४५० निट्सपर्यंतच (निट म्हणजे तेज मोजायचं एकक) जातात. गेममध्ये कमाल ब्राइटनेस १००० ठेवला असेल, तर ४५०च्या वरचं सगळं एकाच पांढऱ्यात जमा होतं. सूर्य, त्याभोवतीचं तेज, ढगाची कड, सगळं सपाट.

म्हणून विंडोज ११ असेल तर आधी ‘विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन’ हे मोफत ॲप चालवा. चौकटीतला नमुना दिसेनासा होईल तिथे थांबायचं आणि तोच आकडा गेममध्ये टाकायचा. मोड बदललात की पुन्हा करा, हे लोक हमखास विसरतात.

आता पीक १०००. ते हजार निट्स पडद्याच्या जेमतेम दोन-तीन टक्के भागात मिळतात. रात्रीचं शहर, निऑन पाट्या, गुहेतली मशाल यांत मजा येते. पण बर्फ किंवा भर दुपारचं वाळवंट आलं की अनेक मॉनिटर अख्ख्या चित्राचं तेजच खाली ओढतात, मळकट वाटतं. माझं मत: रोजच्यासाठी ट्रू ब्लॅक, अंधाऱ्या गेमला पीक.

तुमची गंगापूर रोडची खोली पश्चिमेला उघडते म्हणता, तर संध्याकाळी खिडकीचा पडदा ओढाच. क्यूडी-ओएलईडीवर सहसा पोलरायझर (बाहेरच्या उजेडाचं परावर्तन अडवणारा थर) नसतो; उजेड पडला की काळा रंग जांभळट-राखाडी होतो, मग मोड कुठलाही लावा.